दिरांशी भांडलेली विधवा: जुन्या कोर्टाच्या कागदांत तिचा शोध कसा घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले, राजापूरकडच्या एका गावची खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरण्याचा वंशपरंपरेचा हक्क, त्यांच्याकडे होती. खापरपणजोबा दत्तक आलेले. त्यांना दत्तक घेणारी बाई तरुणपणीच विधवा झाली, दिरांशी ‘सुप्रीम कोर्टापर्यंत’ भांडली आणि जिंकली, असे घरात सांगत आले आहेत. छापील कुलवृत्तांतात, म्हणजे घराण्याच्या वंशावळीच्या पुस्तकात, तिच्या नवऱ्याचे नाव आहे, दत्तक मुलाचे आहे, तिचे मात्र कुठेच नाही. ती कोण, कुठल्या घरची, हे कोर्टाच्या कागदांतून कळेल का?

कळण्याची शक्यता चांगली आहे, आणि ती विधवा झाली व भांडली म्हणूनच चांगली आहे. नवरा हयात, मुलगे कर्ते, वाटण्या सुरळीत, अशा घरातली बाई त्या काळच्या सरकारी कागदांत जवळजवळ येतच नाही. जमीन आधी नवऱ्याच्या नावे, मग मुलाच्या नावे, मधे तिचा उल्लेख करायची कुणाला गरज पडत नाही. तुमच्या घरात नवरा निपुत्रिक वारला आणि त्याच्या तक्षिमेचे, म्हणजे खोतीतल्या हिश्श्याचे, पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्या प्रश्नाने तिला कागदावर आणले. तिचे नाव हाती नसताना शोध कुठून धरायचा, ही तुमची अडचण आहे. त्याचे उत्तर असे की नवऱ्याच्या तक्षिमेचा माग काढा, वाटेत ती भेटेल.

मी मोडी कागद वाचून देण्याचे आणि घराण्यांचे जुने दप्तर लावण्याचे काम करत आले आहे. त्या कामात ज्या क्रमाने जाते, तोच क्रम इथे सांगते. काही गोष्टी मात्र तुमच्या गावावर, घराण्याच्या स्थितीवर आणि कागद टिकले की नाही यावर अवलंबून आहेत. त्या जिथल्या तिथे सांगेन.

पहिल्यांदा काळ ठरवू या. तुम्ही दिलेल्या पिढ्या मोजल्या तर दत्तविधान साधारण १८६० ते १८८० च्या दरम्यान पडते. ‘सुप्रीम कोर्ट’ हा शब्द तपासून घ्यायला हवा. मुंबईत सुप्रीम कोर्ट होते, १८२४ मध्ये सुरू झालेले, पण त्याचा अधिकार मुख्यतः मुंबई बेटापुरता होता. राजापूरच्या खोतीचा दावा तिथे जाण्याचे कारण नाही. मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांची शेवटची अपिले सदर दिवाणी अदालतीत चालत. १८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत दोन्ही जाऊन मुंबई हायकोर्ट आले. लोकांच्या तोंडी जुनी नावे बराच काळ राहिली, त्यामुळे घरच्या आठवणीतले ‘सुप्रीम कोर्ट’ बहुधा हायकोर्टच असावे. विलायतेला, म्हणजे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या शेवटच्या अपील कोर्टाकडे, अपील गेले असेल का? १८३८ च्या हुकमानुसार तिथे जायला सर्वसाधारणपणे १०,००० रुपयांची मालमत्ता वादात असावी लागे. एका गावच्या खोतीतली एक तक्षीम तेवढी भरणे कठीण. तो रस्ता सध्या बाजूला ठेवा.

आता तिच्याकडे कायद्याने काय होते ते पाहू. इथे घाई करू नका, कारण तिने मागे कोणते कागद सोडले हे यावरूनच ठरते.

नवरा भावांपासून विभक्त असेल आणि मुलगा नसेल, तर विधवा त्याची वारस. मालमत्ता तिच्या हयातीपर्यंत तिच्या ताब्यात, फारशी विकता येणार नाही, पण ताबा तिचा. नवरा भावांसोबत एकत्र कुटुंबात असेल, तर त्याचा हिस्सा भावांकडे गेला आणि तिला मिळाले फक्त अन्नवस्त्र. हा फरक १९३७ च्या कायद्यापर्यंत टिकला. म्हणजे विधवेचा दिरांशी वाद झाला की सगळे एका मुद्द्यावर येऊन थांबे: भाऊ विभक्त होते की एकत्र?

त्यात दत्तकाची भर पडली. बंगालकडे विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची परवानगी लागे. मराठी मुलखात तशी गरज नाही, असे मुंबई हायकोर्टाने १८६८ मध्ये रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात धरले. मात्र कुटुंब एकत्र असेल तर नवऱ्याची परवानगी किंवा सहहिस्सेदारांची संमती हवी, असे त्याच कोर्टाच्या मोठ्या खंडपीठाने १८७९ च्या सुमारास रामजी विरुद्ध घमाऊ या खटल्यात ठरवले. म्हणजे दत्तक टिकणार की नाही, हेही पुन्हा ‘विभक्त की एकत्र’ यावरच आले. तुमच्या घरात दत्तक टिकला, त्याची शाखा पुढे चालली. यावरून माझा अंदाज असा की कोर्टाने भाऊ विभक्त मानले असावेत किंवा तिच्याकडे परवानगीचा पुरावा असावा. हा अंदाज आहे, निकाल हाती आल्यावरच तो खरा-खोटा ठरेल. पण यामुळे कोणता कागद शोधायचा हे आपल्याला कळते.

या वादातले पुरावे वाचताना मला दर वेळी वाटते की बायकांचे रोजचे जगणे इतके बारकाईने दुसऱ्या कुठल्या कागदात उतरले नसेल. विभक्त असल्याचे सिद्ध कसे करणार? चूल वेगळी होती का. दाणागोटा एका कणगीतून निघे की दोन. देव कुणाकडे होते, नैवेद्य एक की दोन. सासऱ्याचे श्राद्ध कुणी आणि कुणाच्या खर्चाने केले. सावकाराचे खत कुणाच्या एकट्याच्या नावे होते. शेजारी, उपाध्ये, कुळवाडी, न्हावी, सगळ्यांच्या जबान्या या गोष्टींवर झालेल्या असतात. कोर्टाला हवा होता मालकीचा निवाडा, पण आपल्या हाती लागते त्या बाईच्या घराचे अंतरंग. म्हणून केवळ निकालाची नक्कल मिळाली तर समाधान मानू नका, जबान्या टिकल्या आहेत का हे विचाराच.

कागद शोधायचे कुठे? सुरुवात घरापासून. जुन्या पेटीत, माळ्यावर, देवघराच्या मागे लाल रुमालात बांधलेले काही असेल तर आधी ते उघडा. हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम हुकूम), फैसलनाम्याची म्हणजे निकालपत्राची नक्कल, दत्तकपत्र, वाटणीपत्र, सोडपत्र, अन्नवस्त्राचा करार यांपैकी एकही सापडले तर त्यात बहुधा दाव्याचा नंबर आणि सन असते. नंबर हाती असला की अर्धे काम झाले. घरात काही नसेल तर दिरांच्या वंशजांकडे विचारा. हा सल्ला लोकांना अवघड वाटतो, कारण दोन शाखांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बोलणे नसते. पण हरलेल्या बाजूने कागद जास्त जपलेले मी पाहिले आहेत. त्यांना अपिलाची आशा असते.

त्यानंतर जमिनीचे कागद. तलाठी आणि तहसील कार्यालयातल्या जुन्या फेरफारांत ‘दिवाणी कोर्टाचे हुकमावरून’ अशी नोंद दाव्याच्या नंबरासह मिळू शकते. फेरफार बहुतेक विसाव्या शतकातले असतात, पण नातवंडांच्या काळातली नोंदही मागचा हुकूम सांगून जाते. खोती गाव असल्यामुळे तुमच्यासाठी आणखी एक चांगली जागा आहे. १८८० च्या खोती कायद्यानंतर झालेल्या चौकशांचे कागद आणि बोटखत, म्हणजे खोती गावच्या जमिनींची नोंदवही, पाहा. तोवर ती बाई हयात असेल तर तक्षीमदारांत तिचे नाव येऊ शकते, किंवा ‘अज्ञान अमुक, अ. पा. क. आई तमुक’ (अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ती) अशी नोंद असू शकते. अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून केलेला आईचा असा उल्लेख विधवांच्या शोधात फार उपयोगी पडतो. १८६४ च्या अज्ञानांच्या कायद्याखाली मालमत्तेच्या व्यवस्थेचा दाखला घ्यावा लागे, त्याचीही वेगळी फाइल होते.

दस्तनोंदणी विसरू नका. १८६४ च्या कायद्यापासून शंभर रुपये आणि त्यावरील स्थावराचे दस्त नोंदवणे बंधनकारक होत गेले. हल्ली सगळे इंडेक्स दोन मागतात, तो मिळकतीनुसार असतो. तुम्ही इंडेक्स एकही मागा, तो माणसांच्या नावांनुसार असतो. त्यात नवऱ्याच्या आडनावाखाली एखादी बाई लिहून देणारी म्हणून दिसली तर ती बहुधा विधवा असते, कारण नवरा जिवंत असताना बायकोने स्थावराचा दस्त केल्याचे क्वचितच आढळते.

मग कोर्ट. इथे पहिल्यांदा दाव्याकडे धावू नका, वारसाच्या दाखल्याची फाइल विचारा. मुंबई इलाख्यात १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली जिल्हा कोर्ट वारसाचा दाखला देत असे, आणि महाराष्ट्रात तो कायदा आजही वापरात आहे. विधवेने अर्ज केला की जाहीर नोटीस निघे आणि हरकत असणाऱ्यांनी हजर व्हावे असे सांगितले जाई. दीर पहिली हरकत इथेच घेत. मयताचे नाव, मरणाची तारीख, अर्जदाराचे नाते, जवळचे नातेवाईक कोण, हे सगळे दोन-चार पानांत मिळते. मोठ्या दाव्यापेक्षा हे पान वंशावळीला जास्त उपयोगी असते.

दावा असेल तर तो कोणत्या कोर्टात लागला असेल? १८६९ पर्यंत मुन्सफ आणि सदर अमीन, त्या वर्षीच्या दिवाणी कोर्टांच्या कायद्यानंतर सबॉर्डिनेट जज्ज. पाच हजारांपर्यंतचे दावे दुय्यम वर्गाच्या जज्जाकडे चालत, त्यावरचे अपील रत्नागिरीला जिल्हा जज्जाकडे जाई आणि मग कायद्याच्या मुद्द्यापुरते खास अपील मुंबईला. पाच हजारांवरचा दावा असेल तर पहिल्या वर्गाच्या जज्जाकडून अपील थेट हायकोर्टात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: खास अपिलात साक्षीपुराव्याची फेरतपासणी होत नाही, म्हणून हायकोर्टाचा निकाल पुष्कळदा अर्ध्या पानाचा असतो. तिची माहिती खाली रत्नागिरीच्या दप्तरात असते. मुंबईचा निकाल खालच्या दाव्याचा नंबर मिळवण्यासाठी वापरा.

हायकोर्टाच्या निकालांसाठी छापील लॉ रिपोर्ट चाळा. १८६२ ते १८७५ चे मुंबई हायकोर्ट रिपोर्टांचे बारा खंड आणि १८७६ पासूनची इंडियन लॉ रिपोर्टांची मुंबई मालिका, दोन्ही स्कॅन होऊन खुल्या डिजिटल संग्रहांत आहेत. शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. लक्ष्मीबाई इंग्रजीत चार प्रकारे लिहिलेली दिसेल. गावाचे नाव, दिराचे नाव, दत्तकाचे नाव, प्रत्येकाने शोधून पाहा. मात्र छापले गेले ते थोडेच खटले, ज्यांत कायद्याचा नवा मुद्दा होता. तिथे सापडले नाही म्हणून खटला झालाच नाही असे मानू नका.

कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेसाठी अर्ज करताना शक्य तितके नेमके लिहा: सन, दाव्याचा नंबर, वादी-प्रतिवादी, गाव. नंबर नसेल तर त्या वर्षांची दाव्यांची रजिस्टरे पाहण्याची परवानगी मागा. जुने कागद नष्ट करण्याचे नियम ठरवण्याचा अधिकार हायकोर्टांना १८७९ च्या कायद्याने मिळाला. त्या नियमांनी निकाल आणि हुकूमनामे जास्त काळ ठेवले गेले, तर जबान्या, अर्ज, नोटिसा लवकर गेल्या. म्हणून कधी रजिस्टरातली एक ओळच मिळते. तीही घ्या, त्यात वादीचे नाव असते, आणि तुम्हाला पहिल्यांदा तेच हवे आहे.

तुमचे गाव आज कोणत्या जिल्ह्यात आहे यापेक्षा त्या वेळी कुणाच्या अमलाखाली होते ते तपासा. मालवण, देवगड तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते, सिंधुदुर्ग १९८१ चा. सावंतवाडी हे संस्थान, तिथली कोर्टे वेगळी. नवऱ्याची जमीन एका बाजूला आणि तिचे माहेर संस्थानात, असे सहज असू शकते. उत्तरेकडे कुलाबा जिल्हा १८६९ मध्ये झाला, त्याआधीचे कागद शेजारच्या जिल्ह्याच्या दप्तरात पाहावे लागतात. मुंबईच्या पुराभिलेखागारात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत इलाख्याच्या न्याय खात्याचा पत्रव्यवहार आहे, पण तो मुख्यतः सरकार आणि कोर्ट यांच्यातला. एका घराच्या दाव्यासाठी तिथे सर्वांत शेवटी जा.

समजा, कागद हाती आला. तो मोडीत असेल. बाईचे नाव ‘राधाबाई कोम गोविंद’ अशा धाटणीने येईल, म्हणजे गोविंदाची बायको. कधी ‘भ्रतार’, कधी ‘जवजे’. जबानीच्या सुरुवातीला नाव, नवऱ्याचे नाव, वय अदमासे, जात, धंदा, राहणार कुठले, हे ठरलेले असते. वय धोका देते, चाळीस-पन्नास असे गोल आकडे लिहिण्याची सवय होती. शेवटी सही नसेल तर निशाणी असते. बाईची निशाणी बहुधा बांगडीची, विधवेचीसुद्धा. शेजारी ‘दस्तुर’ म्हणून ज्याने तिच्या वतीने लिहिले त्याचे नाव असते. त्या नावाकडे दुर्लक्ष करू नका.

तिचे माहेर तिथेच सापडण्याचा संभव आहे. सासरच्या सगळ्यांशी वाकडे असलेली विशीतली विधवा कोर्टात एकटी जात नाही. तिचा मुखत्यार कोण, जामीन कोण, वकीलपत्रावर साक्ष कुणाची, दावा चालू असताना ती कुठल्या गावी राहत होती, ही चार नावे एका कागदावर काढा. त्यांत सासरच्या भावकीबाहेरचे एखादे आडनाव पुन्हापुन्हा येत असेल तर तो भाऊ किंवा बाप असण्याची शक्यता मोठी. ते आडनाव आणि गाव धरून त्या घराण्याचा कुलवृत्तांत पाहा. तिथे मुलगी ‘अमक्या गावच्या अमक्यांकडे दिली’ अशी एका ओळीत असू शकते. नाव जुळणार नाही, लग्नात बदललेले असते. जुळायला हवे ते सासरचे गाव, नवऱ्याचे नाव आणि काळ. तिन्ही जुळली तरच धरा. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या बायकांची नावे कधी मिळतात, तिथे पडताळा घ्या.

दाव्यात दाखल केलेली वंशावळ मिळाली तर आनंद होईलच, पण ती पक्षकाराने आपल्या सोयीने काढलेली असते. वादीची आणि प्रतिवादीची, दोन्ही पाहा. दोघांनी जे मान्य केले ते पक्के. वाद आहे तिथे कोर्टाने काय ठरवले ते वाचा, आणि तेही त्या दाव्यापुरते आहे हे लक्षात ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे कागद वाचताना धक्का बसणार नाही. दिरांच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, तिच्या चारित्र्यावर आरोप असण्याची बरीच शक्यता आहे. बदचाल सिद्ध झाली तर विधवेचे अन्नवस्त्र जाऊ शके, म्हणून हा आरोप कैफियतीत घातला जाई. एकदा वारसाने मिळालेली मालमत्ता नंतरच्या वर्तनामुळे जात नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८८० मध्ये मोनीराम कोलिता खटल्यात ठरवले, तरी आरोप होत राहिले. अशा मजकुराला घराण्याचा इतिहास म्हणून वहीत उतरवू नका. त्यावर साक्षी झाल्या का, कोर्टाने काय म्हटले, एवढे पाहा. तिच्या स्वतःच्या जबानीलाही हीच काळजी लावा. वकिलाने पढवलेले, कारकुनाने आपल्या भाषेत उतरवलेले असते. तरी आडव्या प्रश्नांच्या उत्तरांत कधी एखादे वाक्य असे येते की कुणी पढवले असेल असे वाटत नाही. ती वाक्ये जशीच्या तशी टिपून ठेवा.

ज्यांच्या घरी खोती, इनाम, वतन असे काही नव्हते, त्यांनी दिवाणी कोर्टात फार आशा ठेवू नये. तिथे फौजदारीकडे वळा. १८६१ च्या फौजदारी कायद्यापासून टाकलेल्या बायकोला मॅजिस्ट्रेटकडे पोटगी मागता येत असे, महिना पन्नास रुपयांपर्यंत. पाट लावणाऱ्या, म्हणजे बाईला दुसरे लग्न करू देणाऱ्या, जातींतल्या बायका दुसऱ्या लग्नाच्या खटल्यांत सापडतात, कारण जातीने दिलेली सोडचिठ्ठी कोर्ट मानेलच असे नव्हते. १८७६ च्या एका निकालात मुंबई हायकोर्टाने जातीचा तो अधिकार स्पष्ट नाकारला. अशा खटल्यांत बाई कुठल्या गावची, पहिला नवरा कोण, दुसरा कोण, कुणाच्या घरी राहत होती, हे सगळे येते.

तुमच्यापुरते पुढचे काम सांगते. दत्तकपत्राचा शोध आधी घ्या, कारण त्यात दत्तक देणाऱ्या बापाचे नाव, गाव, गोत्र आणि घेणाऱ्या आईचे पूर्ण नाव एकत्र मिळते. खापरपणजोबांचे जनक घराणे ठाऊक असेल तर त्यांच्याकडेही विचारा, एक प्रत तिकडे असू शकते. सोबतच रत्नागिरी जिल्हा कोर्टात वारसाच्या दाखल्याच्या फाइलसाठी १८५५ ते १८८० एवढा काळ घालून अर्ज करा. मोडी कागद मिळाला आणि वाचता आला नाही तर पहिल्या आणि शेवटच्या पानाचा स्वच्छ फोटो इथे टाका. फोटो काढताना कागद ओढून सपाट करू नका, घड्यांवरच फाटतो. कडेचे शिक्के आणि मुद्रांकाची किंमत फोटोत येऊ द्या, त्यावरून कोर्ट आणि साधारण सन लगेच सांगता येईल.